तुसातला विषाणू : कोंबड्यांच्या ई. कोलायवर फाज शोधताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

३० जुलै २०२४
सकाळी सहालाच काकांचा फोन. एका रात्रीत १४ पिल्लं मेली. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात काकांचं दोन हजार पाखरांचं शेड आहे. ही बॅच २२ जुलैला टाकली, पोळ्याच्या करीचा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा, हिशेब धरून. श्रावणात ब्रॉयलर उठत नाही, पण करीच्या दिवशी दुकानासमोर पहाटेपासून रांग असते. आज आठवा दिवस.

माझ्या वर्ध्याच्या कॉलेजातून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घेऊन दुपारच्या एसटीनं गेले. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सहा पिल्लं उघडून दाखवली. हृदयावर आणि कलेजीवर सायीसारखा पांढरा पापुद्रा, दोघांच्या पोटात अजून न जिरलेला बलक, तोही घाण वासाचा. ई. कोलाय या जिवाणूचीच लक्षणं, म्हणाले, पण जिवाणू प्लेटवर उगवल्याशिवाय लिहून देणार नाही. मला ते आवडलं. हृदयातल्या रक्ताचे आणि कलेजीचे स्वॅब घेतले.

निघताना कळलं की काकांनी काल संध्याकाळपासूनच पाण्यात एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक टाकलंय. दुकानातून आणलेलं, डॉक्टरांना न विचारता. मी काही बोलले नाही. १४ पिल्लं मेल्यावर माणूस वाट पाहत बसत नाही.

१ ऑगस्ट
सहापैकी दोघांच्याच प्लेटवर वाढ. ईएमबी आगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर ई. कोलायची ती हिरवी धातूसारखी चकाकी, मॅकॉन्की या दुसऱ्या माध्यमावर गुलाबी वसाहती. बाकी चार प्लेट कोऱ्या. औषध दिल्यावर घेतलेल्या नमुन्याचं हेच होतं : जिवाणू पाखरात असतो, मरतूक चालू असते, पण प्लेटवर येत नाही. नमुना आधी आणि औषध नंतर, हे काकांना समजावून सांगायचं.

६ ऑगस्ट
औषधाचे पाच दिवस झाले, तरी रोज आठ-दहा मरतातच. काल पुन्हा जाऊन नऊ ताज्या मेलेल्या पाखरांचे नमुने आणले. आज नऊच्या नऊ प्लेटवर वाढ आहे. औषध पाजूनही इतकी बिनधास्त वाढ, म्हणजे उत्तर जवळजवळ मिळालंच.

९ ऑगस्ट
इम्विक, म्हणजे जिवाणू ओळखायच्या चार चाचण्या, झाल्या. इंडोल आणि मिथाइल रेड होकारार्थी, व्हीपी आणि सिट्रेट नकारार्थी. अकराही वाण ई. कोलाय. म्युलर-हिंटन आगारवर प्रतिजैविकांच्या डिस्क लावल्या होत्या. एन्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कभोवती नऊ वाणांत मोकळं वर्तुळच नाही, जिवाणूंचा थर थेट डिस्कला चिकटलेला. टेट्रासायक्लिनला तर अकराही वाण जुमानत नाहीत.

काकांनी दर बॅचला जे औषध पाजलं, ते पैसे गेलेच, शिवाय दर वेळी औषधाला न मरणारा तेवढा जिवाणू शेडमध्ये शिल्लक राहिला. हा प्रश्न एका शेडचा नाही. कॉलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीत राखलेलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळलं जायचं. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर बंद केला. त्याआधी २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कॉलिस्टिन निकामी करणारं एमसीआर-१ जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतं. डुकरात, कोंबडीत, माणसात. शेड आणि सरकारी दवाखान्याचा वॉर्ड यांच्यामध्ये जिवाणूसाठी भिंत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. या नऊ प्लेट पाहून ते पटलं.

१२ ऑगस्ट
आता फाज. फाज म्हणजे जिवाणूला खाणारा विषाणू. आपल्या किंवा कोंबडीच्या पेशीला तो हात लावत नाही, त्याला फक्त जिवाणू लागतो, आणि तोही ठरावीक. ट्वॉर्टनं १९१५ मध्ये आणि देरेलनं १९१७ मध्ये तो स्वतंत्रपणे नोंदवला. माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढची आहे : १९१९ मध्ये देरेल फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांच्या टायफॉइडवर फाज वापरून पाहत होता. म्हणजे या उपचाराची सुरुवातच खुराड्यातून झाली. नंतर प्रतिजैविकं आली आणि बहुतेक देशांनी तो रस्ता सोडला. जॉर्जियात, तिबिलिसीला, तो चालू राहिला.

जिथे जिवाणू भरपूर, तिथेच त्याचा फाज. म्हणून तीन ठिकाणचे नमुने घेतले : शेडमध्ये अंथरलेलं ओलं तूस, आठवडी बाजारातल्या चिकन दुकानामागच्या नालीचं पाणी, आणि गावच्या मोठ्या नाल्याचं पाणी. नालीतून पाणी भरताना बाजारातल्या बायका थांबून पाहत होत्या. एकीनं विचारलं, "काय वं बाई, हे पाणी नेऊन काय करतं?" सांगितलं की यात कोंबड्यांचं औषध असू शकतं. तिनं नाक मुरडलं नाही, उलट म्हणाली, मग शीशी भरून ने.

१४ ऑगस्ट
तुसाचा अर्क गाळताना दिवस गेला. सिरिंज फिल्टर दोन मिलिलिटरलाच बंद पडतो, आणि एकेक फिल्टर विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे. शेवटी आधी मलमल, मग गाळणकागद, मग सेंट्रिफ्यूज, आणि वरचं नितळ पाणी ०.४५ आणि ०.२२ मायक्रॉनमधून. जिवाणू फिल्टरवर अडकतात, फाज खाली उतरतो. एन्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा क्रमांक ७ चा वाण यजमान म्हणून घेतला. मटनाच्या सुपासारख्या ब्रॉथमध्ये तो, वर अर्क, थोडं कॅल्शियम क्लोराइड. फाजला जिवाणूच्या भिंतीला चिकटायला कॅल्शियमची मदत होते. रात्रभर ३७ अंशाला.

लाईन दोनदा गेली. इनक्युबेटरला इन्व्हर्टर नाही, रात्री नऊपर्यंत थांबून पाहिलं.

१७ ऑगस्ट
प्लाक!

मऊ आगारमध्ये जिवाणू आणि अर्क एकत्र करून प्लेटवर ओततात. जिवाणूंचा दुधाळ थर चढतो, आणि जिथे एका फाजनं एक जिवाणू फोडला, त्याच्या पिल्लांनी शेजारचे फोडले, तिथे गोल पारदर्शक खिडकी दिसते. तीच प्लाक. चिकन दुकानाच्या नालीतून दोन प्रकारच्या मिळाल्या, एक टाचणीच्या टोकाएवढी, एक मुगाएवढी. तुसातून एक प्रकार. नाल्याच्या पाण्यातल्या धुरकट, मध्ये जिवाणू शिल्लक असलेल्या.

धुरकट प्लाक प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी बाजूला ठेवायला सांगितली आणि कारण मलाच विचारलं. धुरकट म्हणजे फाज जिवाणूला लगेच न मारता त्याच्या डीएनएत लपून बसत असावा. असा फाज बाहेर पडताना जिवाणूची जनुकं उचलून दुसऱ्याकडे नेऊ शकतो, विषाची आणि औषध निकामी करणारीही. उपचाराला फक्त मारणारे, स्वच्छ खिडकी पाडणारे फाज घ्यायचे. तीन राहिले. फ-१, फ-२, फ-३ अशी नावं ठेवली.

खिडकीपाशी प्लेट धरून बराच वेळ पाहिली. जे पाणी ओलांडताना आपण धोतर, साडी वर उचलतो, त्यातून हे निघालं. १८९६ मध्ये हँकिन या संशोधकानं आग्र्याला गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचा जिवाणू मरतो असं लिहून ठेवलं होतं. त्या पाण्यात काय होतं, ते तेव्हा कुणाला सांगता आलं नव्हतं.

२१ ऑगस्ट
शुद्धीकरण : एकच प्लाक टोचून उचलायची, पुन्हा वाढवायची, असं तीनदा. मोजणी : फ-२ चा अर्क दहा लाखपट पातळ करून ०.१ मिलिलिटर ओतला, ६२ प्लाक आल्या. मूळ अर्कात मिलिलिटरला सुमारे ६२ कोटी.

२४ ऑगस्ट
तिन्ही फाज अकराही वाणांवर थेंब टाकून पाहिले. फ-१ चार वाणांवर चालतो, फ-२ सहांवर, फ-३ तिघांवर. तिघं मिळून नऊ. उरलेल्या दोघांवर काहीच नाही. एकाच शेडमधले, आठवड्याच्या आत मेलेले पक्षी, तरी एका फाजला सगळे सापडत नाहीत.

याच निवडकपणासाठी मी फाजच्या प्रेमात आहे : कोंबडीच्या आतड्यातले चांगले जिवाणू तो सोडून देतो, प्रतिजैविक सरसकट झोडपतं. पण याच गुणामुळे फाज दुकानात बाटलीत ठेवून "हगवण आहे? हे घ्या" असं देता येत नाही. आधी रोगाचं नाव, मग जिवाणूचा वाण, मग त्याचा फाज.

२७ ऑगस्ट
संध्याकाळी काका कॉलेजच्या गेटवर आले. दवाखान्याच्या कामानं वर्ध्याला आले होते म्हणाले, पण मला माहीत आहे ते कशासाठी आले होते. प्लेट दाखवल्या. खिडक्या पाहून त्यांचे डोळे चमकले.

"मंग दे ना मले एक बाटली. टाकीत टाकतो."

नाही म्हणाले. जिवंत पाखरांवर प्रयोग करायला प्राणी-नीती समितीची परवानगी लागते, ती माझ्या प्रकल्पात नाही. आणि माझ्या अर्कात फुटलेल्या जिवाणूंचं विष आहे, ते काढलेलं नाही. हीच पाखरं करीला लोकांच्या ताटात जाणार आहेत. हे सगळं सांगितलं.

"पाखरं मरून राह्यली अन् तू थाळ्या मोजून राह्यली," काका म्हणाले. रागावून नाही, थकून. मी त्यांना स्टँडवर सोडून आले. रात्री झोप लागली नाही.

३ सप्टेंबर
पोळ्याची कर. काकांची १७१० पाखरं गेली. २९० मेली. आज नोंद एवढीच.

६ सप्टेंबर
नळीतला प्रयोग. क्रमांक ७ चा गढूळ ब्रॉथ, त्यात फ-२ सकाळी दहाला. एक वाजेपर्यंत नळी पाण्यासारखी स्वच्छ. सोबतच्या मुली आपापली कामं सोडून बघायला आल्या. कुलूप लावून घरी गेलो.

७ सप्टेंबर
गणपतीची सुट्टी, तरी आले. नळी पुन्हा गढूळ. त्यातून उचललेल्या वसाहतींवर फ-२ चा थेंब टाकला, खिडकी नाही. कोट्यवधींमध्ये दोन-चार जिवाणू असे होते ज्यांच्या भिंतीवर फ-२ ला धरायची जागाच नव्हती, रात्रीत ते वाढले. तेच तण, तेच तणनाशक आणि तीच चूक, आपल्या वावरात पाहिलेली.

१० सप्टेंबर
तिन्ही फाज एकत्र. २४ तासांनी नळी स्वच्छ. ४८ तासांनी हलका गढूळपणा. एकट्या फाजपेक्षा मिश्रण बरं, हे स्पष्ट आहे, पण मिश्रणही कायमचं नाही.

१४ सप्टेंबर
शेड रिकामं आहे तोवर पाण्याचे नमुने घेतले. विहिरीच्या पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलायच्या गटातले जिवाणू, टाकीत त्याहून जास्त, आणि पाखरं पाणी पितात त्या निपलच्या पाइपच्या शेवटच्या टोकाला सगळ्यात जास्त. पाइप कापून बोट घातलं तर आत बुळबुळीत थर. वर्षानुवर्षं पाण्यातून दिलेलं व्हिटॅमिन, गूळ, औषध यांवर पोसलेला. पिल्लं पहिल्या दिवसापासून हे पाणी पीत होती.

काका बराच वेळ त्या पाइपकडे पाहत राहिले. मग पूर्ण लाइन सोडवली. दोन दिवस आम्ही तिघं, काकू धरून, पाइप धुवत होतो. तूस सगळं बाहेर काढून शेणखताच्या उकिरड्यावर, भिंतींना चुना. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्या दादांकडून टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरिनची पावडर, आणि क्लोरिन तपासायची ओटी टेस्टची बाटली आणली. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, फिकट पिवळा रंग आला की क्लोरिन आहे. काकांना सांगितलं : रोज टाकीत टीसीएल, रोज ओटी.

१९ सप्टेंबर
क्लोरिनच्या पाण्यात फाज टिकतो का? पहिल्यांदा केलं तेव्हा टिकला, मी खूश. मॅडमनी ओटी करायला लावली. रंगच नाही. माझ्या अर्कातल्या ब्रॉथनंच सगळा क्लोरिन पिऊन टाकला होता. अर्क दहा हजारपट पातळ करून पुन्हा केलं. विहिरीच्या साध्या पाण्यात अर्ध्या तासानंतर प्लाक तेवढ्याच. टीसीएलच्या पाण्यात एकही नाही. टीसीएलच्या पाण्यात आधी सोडियम थायोसल्फेट टाकून क्लोरिन मारला, तर प्लाक पुन्हा तेवढ्याच.

म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारी गोष्ट फाजला मारते. उद्या कधी पाण्यातून फाज द्यायचा तर त्या दिवसापुरता क्लोरिन बंद. शिवाय कोंबडीच्या जठरातलं आम्ल पुढे आहेच. अमेरिकेत हफ आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास ब्रॉयलरच्या श्वासमार्गातल्या ई. कोलायवर फाजचा फवारा उपयोगी पडलेला दाखवला, पिण्याच्या पाण्यातून दिलेला फाज तिथे कामी आला नाही. आजार कुठल्या अवयवात आहे त्यावर वाट ठरते.

३० सप्टेंबर
नवी बॅच २४ ला आली. आठवडाभरात मेलेली पिल्लं ११. काका रोज संध्याकाळी ओटीच्या नळीचा फोटो पाठवतात. पिवळा रंग. मला फार बरं वाटतं.

इकडे तुसाचा प्रयोग. निर्जंतुक तूस ट्रेमध्ये, त्यावर ठरावीक ई. कोलाय, वर तिन्ही फाजचा फवारा. ओल्या तुसात एका दिवसात जिवाणू शंभरातला एक उरला. कोरड्या तुसात फरक जवळजवळ शून्य. फाजला पाय नाहीत, शेपूट पोहायला नसते, तो पाण्यात वाहत जाऊन जिवाणूला आदळतो तेव्हाच काही घडतं. ओल नाही तर भेट नाही. आणि शेडमध्ये तूस ओलं ठेवणं म्हणजे अमोनिया आणि रक्ती हगवणीला आमंत्रण. कोरडं तूस हलवत राहणं हेच काकूंचं काम योग्य आहे. फाजची जागा निपलखालच्या ओल्या पट्ट्यात असेल, सगळ्या शेडमध्ये नाही.

२१ ऑक्टोबर
काका सकाळी साडेसातला प्रयोगशाळेच्या दारात. हातात थर्माकोलचा डबा, बर्फात पाच पाखरं. पहिल्या बसनं आले.

"काहीच नाही देलं. एक थेंब नाही. तू सांगतलं होतं, आधी नमुना."

परवापासून पाखरं मान टाकून बसतात, पांढरी पातळ हगवण, काल एका दिवसात ३२ मेली. वय २७ दिवस. त्यांना घेऊन पशुवैद्यक डॉक्टरांकडे गेले. मांडीच्या स्नायूंत रक्ताचे ठिपके. शेपटीजवळची बर्साची गाठ सुजलेली, आत जेलीसारखं पाणी. गंबोरो, डॉक्टर म्हणाले. विषाणू. यावर प्रतिजैविक नाही आणि फाजही नाही, फाजला खायला इथे जिवाणूच नाही.

लस दिली होती का, त्यांनी विचारलं. दिली होती, काका म्हणाले, चौदाव्या दिवशी, ८ तारखेला, नियमानं, पाण्यातून.

कुठल्या पाण्यातून, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी मला कळलं होतं.

ओटीचा पिवळा रंग. ८ ऑक्टोबरचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. गंबोरोची लस म्हणजे जिवंत, दुबळा केलेला विषाणू, आणि ती आम्ही टीसीएलच्या पाण्यात घालून पाजली. पूर्वी काका विहिरीचं साधं पाणी द्यायचे म्हणून लस लागायची. राणीखेत रोगाची सातव्या दिवसाची लस डोळ्यात थेंबानं दिली होती म्हणून ती वाचली. १९ सप्टेंबरला याच वहीत मी लिहिलंय की क्लोरिनमध्ये विषाणू अर्ध्या तासात संपतो. पुढची ओळ मला सुचायला हवी होती. मला तेव्हा फक्त माझा फाज दिसत होता.

काकांना तिथेच सांगितलं, की चूक माझी. ते काही वेळ बोलले नाहीत. मग डॉक्टरांना म्हणाले, आता उरलेल्यांचं काय करायचं ते सांगा.

२५ ऑक्टोबर
मरतूक उतरणीला. एकूण २१८. गंबोरोनं बर्सा मारला की पाखराची प्रतिकारशक्ती जाते आणि मागून ई. कोलाय येतोच. चार मेलेल्या पाखरांतून चार वाण मिळाले. आमच्या तीन फाजच्या मिश्रणानं चारपैकी एकावरच खिडकी पाडली. ऑगस्टमधले फाज ऑक्टोबरच्या वाणांना पुरले नाहीत. नालीतून पुन्हा पाणी आणावं लागेल.

मॅडमना म्हणाले, हे घरच्या बियाण्यासारखं आहे, दर हंगामाला उगवण पाहून, निवडून ठेवावं लागतं. त्या म्हणाल्या, प्रबंधात लिही, पण कोण निवडणार तेही लिही. मी लिहिलंय : प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्याजवळ एक इनक्युबेटर, ईएमबीच्या प्लेट आणि त्या वाचणारा माणूस असला, तरच फाजचं पुढचं बोलता येईल. तो माणूस आज नाही, म्हणून दुकानदार औषध ठरवतो.

फ-१, फ-२, फ-३ ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवले. नव्या वाणांपैकी क्रमांक २ यजमान म्हणून वाढवायला लावला.

२७ ऑक्टोबर
रविवार. गावी. घराघरात दिवाळीची रंगरंगोटी चालू होती, काकूंनी उरलेला चुना शेडच्या आतल्या भिंतीला लावला. तो वाळल्यावर काकांनी कोळशानं तक्ता आखला आणि मी सांगितलं तसं लिहीत गेले. दिवस ७ : राणीखेत, डोळ्यात. दिवस १२ : टीसीएल बंद, टाकी रिकामी करून साधं पाणी. दिवस १४ : सकाळी ओटी, रंग नको, पाण्यात दुधाची पावडर, मग गंबोरो. दिवस १५ : संध्याकाळपासून टीसीएल सुरू, ओटी पिवळी. मेलेलं पाखरू : आधी बर्फ, मग डॉक्टर, मग औषध.

शेवटची रेघ मारून झाल्यावर काकांनी खाली एक चौकट मोकळी सोडली आणि विचारलं, "हे तुह्या फाजसाठी. काय लिहू?"

परवानगीचा अर्ज डिसेंबरमध्ये टाकतेय, सांगितलं. चौकट तशीच ठेवली.